पेटीतलं पाणी ओढ्यात नको

जगभरच्या बेडकांचा काळ ठरलेली बुरशी शास्त्रज्ञांच्या हाती लागली ती जंगलात नव्हे, तर काचेच्या पेटीत. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथल्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात १९९०च्या दशकात पेटीत जपलेले बेडूक मरू लागले. त्यांत दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचा निळा डार्ट बेडूक होता: अंगठ्याएवढा, गर्द निळा, पाठीवर काळे ठिपके. त्याची ऊब, ओलावा, खाणं, सगळं मोजूनमापून होतं, तरीही तो वाचला नाही. तिथल्या रोगनिदानतज्ज्ञांनी मेलेल्या बेडकांची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा वरच्या थरात बारीक गोल कोश ठासून भरलेले दिसले. मेन विद्यापीठातल्या जॉइस लाँगकोर या किट्रिड नावाच्या पाणबुरशांच्या जाणकार. त्यांनी एका निळ्या डार्ट बेडकाच्या कातडीतून ही बुरशी वेगळी काढून प्रयोगशाळेत वाढवली. १९९९ मध्ये ॲलन पेसिए आणि डोनाल्ड निकल्स यांच्यासोबत त्यांनी तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. या किट्रिडचं नाव ठेवलं बॅट्राकोकिट्रियम डेन्ड्रोबाटिडिस.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात ली बर्गर आणि रिक स्पीअर वेगळ्या वाटेनं याच ठिकाणी पोचत होते. क्वीन्सलँडच्या पर्जन्यवनात १९९३ मध्ये बेडूक मोठ्या संख्येनं मरताना आढळले होते. प्रदूषण नाही, जंगलतोड नाही, पाणी स्वच्छ, आणि तरी ओढ्याकाठी मेलेले बेडूक. ऑस्ट्रेलियातल्या आणि पनामातल्या मृत बेडकांच्या कातडीत हीच बुरशी असल्याचं त्यांच्या गटानं १९९८ मध्ये दाखवून दिलं. प्राणिसंग्रहालयातला मृत्यू आणि पर्जन्यवनातला मृत्यू एकच होता.

या लेखाचा विषय पाळलेल्या बेडकांचा बुरशीरोग, त्याचे उपचार आणि त्याला अटकाव हा आहे. पण तो काचेच्या पेटीपुरता लिहिता येत नाही. या रोगावर पेटीत इलाज आहे, ओढ्यात जवळजवळ नाही. त्यामुळे बेडूक पाळणारा माणूस फक्त एका प्राण्याचा पालक राहत नाही. आपल्या पेटीतलं पाणी जिथे जातं, तिथल्या सगळ्या बेडकांचं भवितव्य त्याच्या हातात असतं.

कातडी हेच फुप्फुस, कातडी हेच तोंड

बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो पाणी शोषतो, तिच्यातून श्वासही घेतो आणि रक्तातल्या क्षारांचा तोलही तिच्याच जोरावर राखतो. बुरशी नेमकी तिथे घर करते.

तिचे बीजाणू एका शेपटीवर पाण्यात पोहतात. ओल्या कातडीला भिडले की आत शिरतात, कोश बनवतात आणि साधारण चार-पाच दिवसांत प्रत्येक कोशातून नवे बीजाणू बाहेर पडतात. काही पाण्यात जातात, काही त्याच बेडकाच्या कातडीत पुन्हा शिरतात. कातडी जाड, निबर होते आणि तिचं काम बंद पडत जातं. जेमी व्हॉइल्स यांच्या गटानं २००९ मध्ये मृत्यूचं कारण उलगडलं: कातडीतून क्षारांची ने-आण मंदावते, रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम उतरतं आणि शेवटी हृदय थांबतं.

टॅडपोलांची गोष्ट वेगळी आहे. या बुरशीला केराटिन हे प्रथिन असलेली कातडी लागते आणि टॅडपोलच्या अंगात ते फक्त तोंडाच्या कडांना आणि बारीक दातांना असतं. त्यामुळे टॅडपोल सहसा मरत नाही, पण संसर्ग वागवत हिंडतो. पाय फुटून शेपूट जिरते आणि सगळ्या अंगावर केराटिन चढतं, तेव्हा बुरशीला पूर्ण शरीर मिळतं. टॅडपोल ठणठणीत वाढले आणि बेडूक होताच आठवड्याभरात मेले, असं पालक सांगतात तेव्हा संशयाची सुई इथेच वळवावी लागते.

माणसानं वाहून नेलेली साथ

ही बुरशी आली कुठून? १९३०च्या दशकात लॅन्सलॉट हॉगबेन यांच्या संशोधनातून गर्भधारणेची एक चाचणी पुढे आली. स्त्रीच्या लघवीचं इंजेक्शन आफ्रिकन नखी बेडकाच्या मादीला दिलं आणि तिनं काही तासांत अंडी घातली, तर ती स्त्री गरोदर. पुढची काही दशकं दक्षिण आफ्रिकेतून हे बेडूक हजारोंनी जगभरच्या इस्पितळांत आणि प्रयोगशाळांत गेले. हा बेडूक बुरशी अंगावर वागवतो आणि स्वतः क्वचितच आजारी पडतो. त्यामुळे बरीच वर्षं रोगाचं मूळ आफ्रिकेत मानलं जात होतं. २०१८ मध्ये जगभरच्या नमुन्यांच्या जनुकीय अभ्यासातून वेगळं उत्तर आलं. बुरशीची मुळं पूर्व आशियात, कोरियाच्या परिसरात सापडतात आणि तिचा सर्वांत घातक वाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभर पसरू लागला. अभ्यासकांनी बोट ठेवलं ते माणसांनी चालवलेल्या उभयचरांच्या वाहतुकीवर. पाळण्यासाठी, खाण्यासाठी, प्रयोगासाठी बेडूक जहाजांतून आणि विमानांतून फिरले आणि बुरशी त्यांच्यासोबत फिरली.

परिणामाचा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. या रोगानं उभयचरांच्या किमान ५०१ प्रजातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचं मानलं जातं. एका रोगजंतूनं वन्यजीवांचं एवढं नुकसान केल्याची दुसरी नोंद नाही.

पनामात ही साथ डोंगररांगेवरून सरकत येताना कॅरन लिप्स यांनी पाहिली आणि पुढे कुठे पोचेल हेही सांगितलं. २००४ मध्ये ती एल कोपेला आली आणि २००६ मध्ये एल व्हाये या गावी. पनामाचा सोनेरी बेडूक या गावाची ओळख आहे, त्या देशाच्या लॉटरीच्या तिकिटावरही त्याचं चित्र छापलं गेलं. रानातले बेडूक मरण्याआधी वाचवायचे होते आणि संवर्धन केंद्राची इमारत अजून पूर्ण झालेली नव्हती. तेव्हा एडगार्डो ग्रिफिथ आणि सहकाऱ्यांनी गावातल्या एका हॉटेलच्या खोल्यांत पेट्या मांडून बेडूक ठेवले. त्यांना धुवून, औषधी पाण्यात बुडवून, रोज ताजं खाणं घालून जगवलं. सोनेरी बेडूक रानात शेवटचा दिसला २००९ मध्ये. त्यानंतर तो उरला तो पेट्यांमध्येच.

ओळखायचं कसं

घरात पाळलेल्या बेडकाचा रोग वेळेवर ओळखता येतो, पण नजर हवी. रात्री वावरणारा बेडूक दिवसा उघड्यावर बसून राहतो. खाणं टाकतो. कात वारंवार टाकतो आणि तिचे तुकडे अंगाला चिकटलेले दिसतात. मागचे पाय पोटाखाली ओढून घेण्याऐवजी पसरून बसतो. पोट आणि मांड्यांची कातडी लाल होते. उताणा केला तर सहज पालथा होत नाही. झटके येऊ लागले की हाती फार थोडा वेळ उरलेला असतो.

यांतलं एकही लक्षण फक्त याच रोगाचं नाही. अमोनिया वाढलेलं पाणी, नळाच्या पाण्यातलं क्लोरिन, जिवाणूंचा संसर्ग यांनीही बेडूक असाच दिसू शकतो. पाण्यात राहणाऱ्या बेडकांवर आणि टॅडपोलांवर कापसासारखे पांढरे झुबके दिसले, तर ती बहुधा सॅप्रोलेग्निया नावाची पाणबुरशी असते. ती जखमेवर किंवा घाण पाण्यामुळे खंगलेल्या शरीरावर वाढते. तिच्या बाबतीत पाणी सुधारणं हाच पहिला उपचार. किट्रिड मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी बेडकाच्या पोटावर, मांड्यांवर आणि पावलांवर निर्जंतुक कापसाची काडी फिरवून नमुना घेतात आणि पीसीआर चाचणी करतात. नमुना घेताना बेडकाला इजा होत नाही. अचानक मेलेला बेडूकही फेकून देऊ नये, पशुवैद्याशी बोलून त्याची तपासणी करून घ्यावी. त्यानं उरलेले बेडूक वाचू शकतात.

उपचार: औषध, ऊब आणि मीठ

सर्वाधिक वापरलं जाणारं औषध इट्राकोनॅझोल. माणसांच्या बुरशीरोगांवर दिलं जातं तेच. वॉशिंग्टनच्याच प्राणिसंग्रहालयातून २००० मध्ये त्याची पद्धत पुढे आली: ०.०१ टक्के द्रावणात बेडकाला रोज ५ मिनिटं बुडवायचं, सलग ११ दिवस. नंतरच्या वर्षांत याहून सौम्य द्रावणंही परिणामकारक ठरली, कारण मूळ प्रमाण काही बेडकांना सोसत नाही. नुकतेच पाय फुटलेले बेडूक आणि टॅडपोल या औषधानं दगावू शकतात. म्हणून प्रमाण ठरवणं पशुवैद्याचं काम आहे. औषधाच्या दुकानातली कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणं हा उपचार नव्हे. तिच्यातलं औषध पाण्यात नीट विरघळतच नाही, त्यासाठी पातळ स्वरूपातलं औषध लागतं. बेडूक तपासणारे पशुवैद्य आपल्याकडे मोजके आहेत. बेडूक विकत घेण्याआधी असा पशुवैद्य गाठून ठेवणं हे पेटी विकत घेण्याइतकंच जरुरीचं आहे.

औषधाइतकीच पेटी महत्त्वाची. स्नानानंतर बेडूक जुन्याच पेटीत ठेवला, तर बीजाणू तिथे वाट पाहत असतात. उपचाराच्या काळात त्याला साध्या डब्यात ओल्या पेपर टॉवेलवर ठेवतात, कागद रोज बदलतात, डबा निर्जंतुक करतात. मूळ पेटीतली माती, शेवाळ, लाकूड टाकून द्यावं लागतं. उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी करायची. एका निगेटिव्ह अहवालावर विसंबायचं नाही.

दुसरा उपाय ऊब. ही बुरशी १७ ते २५ अंश सेल्सियसमध्ये जोमात वाढते. २८ अंशांच्या वर ती मंदावते आणि ३० अंशांपलीकडे मरू लागते. ऑस्ट्रेलियातल्या एका झाडबेडकाला ३७ अंशांत १६ तासांहूनही कमी वेळ ठेवून रोगमुक्त करता येतं, हे २००३ मध्ये दिसून आलं. पण थंड डोंगरातल्या बेडकाला किंवा डार्ट बेडकाला हे तापमान जीवघेणं आहे. त्यामुळे ऊब हा सरसकट उपाय नाही, प्रजातीची सहनशक्ती पाहूनच तो वापरायचा. आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परदेशी बेडकांसाठी एसी लावून खोली २२-२४ अंशांवर ठेवतात. ते तापमान बेडकाला सुखाचं असतं आणि बुरशीलाही.

तिसरा आधार क्षारांचा. जुलाबानं गळून गेलेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी देतात, तसंच अत्यवस्थ बेडकाला क्षारयुक्त द्रावणात ठेवून सावरतात. त्यानं बुरशी मरत नाही, पण औषध लागू पडायला वेळ मिळतो.

विलगीकरण: सर्वांत स्वस्त औषध

बेडकाच्या पालकानं एकच नियम पाळायचा ठरवलं, तर तो विलगीकरणाचा असावा. नवा बेडूक कितीही टवटवीत दिसो, त्याला किमान ३० दिवस, शक्यतो दोन-तीन महिने, वेगळ्या खोलीत ठेवावं. त्याची भांडी, चिमटे, फवारणी वेगळी असावी. रोजचं काम जुन्या बेडकांपासून सुरू करून नव्याकडे शेवटी यावं. हातमोजे बिनपावडरीचे, पाण्यानं धुतलेले, प्रत्येक पेटीसाठी नवे. या काळात एकदा तरी चाचणी करून घ्यावी. निरनिराळ्या देशांतले बेडूक एका पेटीत ठेवायचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. एकाला सोसणारी बुरशी दुसऱ्याचा जीव घेते.

या बुरशीचा एक कच्चा दुवा आहे: ती कोरडेपणा सहन करू शकत नाही. भांडी धुऊन उन्हात कडकडीत वाळवली की ती मरते. ६० अंशांच्या पाण्यात ५ मिनिटांत मरते. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभरात मरते. घरातल्या ब्लीचवर प्रमाण पाहून ते तेवढं पातळ करता येतं. मात्र नंतर भांडं भरपूर पाण्यानं धुवायचं, क्लोरिनचा अंश बेडकाला घातक असतो. उलट ओलाव्यात ती चिवट आहे. प्रयोगात ती नळाच्या पाण्यात ३ आठवडे आणि तळ्याच्या पाण्यात ७ आठवडे टिकलेली दिसली आहे.

म्हणून पेटीतलं पाणी. ते ब्लीच घालून, थोडा वेळ ठेवून, मग संडासातून सोडावं. गच्चीतल्या कुंड्यांना, सोसायटीच्या बागेला किंवा उघड्या गटारात ते घालू नये. आपल्या शहरांत उघडं गटार नाल्याला मिळतं आणि नाला नदीला. पेटीतली जुनी माती आणि झाडंही तशीच उघड्यावर टाकू नयेत.

मायोर्का: चूक आणि दुरुस्ती

ही काळजी अवाजवी वाटत असेल, तर स्पेनच्या मायोर्का बेटाकडे पाहावं. तिथल्या डोंगरदऱ्यांत एक छोटा भेक राहतो. त्याचा नर अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून पिल्लं बाहेर येईपर्यंत वागवतो. शास्त्रज्ञांना तो आधी जीवाश्मांतून कळला आणि मग जिवंत सापडला. त्याला वाचवण्यासाठी बंदिवासात प्रजनन करून पिल्लं बेटावर सोडण्यात आली आणि उपक्रमाचं कौतुक झालं. पुढे बेटावरच्या भेकांत किट्रिड सापडली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं तिचा माग काढला, तो प्रजनन केंद्रापर्यंत पोचला. तिथे हे भेक दक्षिण आफ्रिकेतल्या नखी बेडकांच्या सान्निध्यात आले होते. वाचवायला निघालेल्या जाणत्या, प्रेमळ माणसांच्या हातून रोग जंगलात गेला. त्या काळी चाचणीच हाताशी नव्हती. आज आहे.

दुरुस्तीही तिथेच झाली. हायमे बॉश, ट्रेंट गार्नर आणि सहकाऱ्यांनी डोंगरातल्या डबक्यांतले टॅडपोल गोळा करून त्यांना इट्राकोनॅझोलची स्नानं दिली. पहिल्या खेपेस बुरशी परतली. पुढच्या खेपेस त्यांनी उपसलेल्या डबक्यांचे खडकही जंतुनाशकानं धुतले. मग बहुतेक डबक्यांतून बुरशी हटली. २०१५ मध्ये हे यश प्रसिद्ध झालं. जंगलातून ही बुरशी हटवल्याचं ते पहिलं उदाहरण. पण ती डबकी थोडी होती, एकमेकांपासून तुटलेली होती आणि तिथे उभयचराची एकच प्रजाती होती. आपल्या घाटातला धबधबा उपसता येत नाही आणि त्याचे खडक जंतुनाशकानं धुता येत नाहीत.

आशेची दुसरी बातमी ऑस्ट्रेलियातली. मॅक्वॉरी विद्यापीठाचे अँथनी वॉडल आणि सहकाऱ्यांनी हिरव्या-सोनेरी बेल बेडकासाठी साध्या विटांचा आसरा केला. भोकांच्या विटा काळ्या रंगवून छोट्या हरितगृहात रचल्या. हिवाळ्यात, साथीच्या काळात, बेडूक ऊब घ्यायला त्या भोकांत शिरले, त्यांचा संसर्ग उतरला आणि बरे झालेले बेडूक पुढच्या संसर्गाला जास्त चिवटपणे तोंड देऊ लागले. २०२४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. उष्णतेचं जे ज्ञान पेटीतल्या उपचारांतून आलं, ते इथे उघड्यावरच्या आवारांतल्या बेडकांच्या कामी आलं. पेटी आणि रान यांचं नातं असंही असू शकतं.

सह्याद्रीची गोष्ट

ही बुरशी आपल्याकडे आहे. पश्चिम घाटातल्या तिच्या नोंदी २०११ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. २०१३ मध्ये पुण्याचे नीलेश डहाणूकर, आनंद पाध्ये, कोइमतूरचे संजय मोलूर आणि सहकाऱ्यांनी उत्तर पश्चिम घाटातल्या संकटग्रस्त, प्रदेशनिष्ठ बेडकांत ती दाखवून दिली. तो वाण आशियातला, जुना होता. ऑस्ट्रेलियात किंवा पनामात झाला तसा संहार आपल्याकडे नोंदला गेलेला नाही. आशियातले बेडूक आणि आशियातली बुरशी दीर्घकाळ एकत्र राहिले, हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

पण यावर निर्धास्त होता येत नाही. धोका बाहेरचा, घातक वाण इथे येण्याचा आहे आणि त्याची वाट बाजारातून जाते. मत्स्यालयांच्या दुकानांत पांढरा नखी बेडूक माशांसोबत विकला जातो. परदेशी पॅकमॅन बेडूक आणि झाडबेडूक शहरांत हौसेनं पाळले जातात. युरोपात काय झालं ते समोर आहे. आशियातून पाळण्यासाठी नेलेल्या न्यूट या उभयचरांमधून किट्रिडची दुसरी प्रजाती तिथे पोचल्याचं मानलं जातं. तिनं नेदरलँड्समधल्या फायर सॅलमँडरांची संख्या जवळजवळ संपवली. ती प्रजाती २०१३ मध्ये ओळखली गेली आणि २०१६ मध्ये अमेरिकेनं सॅलमँडरांच्या २०१ प्रजातींची आयात रोखली.

आंबोलीच्या सड्यावर पावसाच्या पहिल्या सरींत जांभ्या दगडावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालणारा आंबोली भेक २००९ मध्ये नव्यानं वर्णिला गेला. तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याचा भाऊबंद कोयना भेकही सह्याद्रीबाहेर कुठे नाही. इतक्या लहान प्रदेशातल्या जिवांना एक साथ पुरेशी असते. पावसाळ्यात आंबोली, ताम्हिणी, कास इथे बेडूक पाहायला जाणाऱ्यांनीही एक सवय लावून घ्यावी: एका ओढ्याचा चिखल दुसऱ्या ओढ्यात नेऊ नये. बूट घासून, धुऊन, पूर्ण वाळवूनच पुढच्या जागी जावं. फोटोसाठी बेडूक हातात घेऊ नये. मुलांनी बाटलीत भरलेले टॅडपोल दुसऱ्या गावच्या पाण्यात सोडू नयेत. रानातला बेडूक पाळायला घरी आणू नये.

पाळणाऱ्यांना एक विनंती

बेडूक पाळणं वाईट नाही. बेडकाकडे जवळून पाहणाऱ्या माणसांनीच हा रोग ओळखला, त्याचं औषध शोधलं आणि कित्येक प्रजाती जिवंत ठेवल्या. पण पेटी सगळं वाचवू शकत नाही. पनामाच्या रॅब्ज झाडबेडकाचा शेवटचा ज्ञात नर अटलांटाच्या वनस्पती उद्यानात वर्षानुवर्षं सांभाळला गेला. २६ सप्टेंबर २०१६ला तो मेला. काळजीत काही कमी नव्हतं, पण त्याला जोडीदार उरली नव्हती आणि परत जायला जागाही नव्हती.

तेव्हा ज्यांच्या घरी बेडूक आहे, त्यांच्याकडे एवढंच मागणं आहे. बंदिवासात जन्मलेला बेडूकच घ्या आणि विक्रेत्याकडे चाचणीचा आग्रह धरा. नव्याला वेगळा ठेवा. आजारी दिसला तर अंदाजानं औषध न घालता पशुवैद्याकडे न्या. पाणी निर्जंतुक केल्याशिवाय सोडू नका. आणि हौस संपली, घर बदललं, मूल परदेशी गेलं, काहीही झालं तरी पाळलेला बेडूक तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नका, त्याला सांभाळणारं दुसरं घर शोधा. त्याला मोकळं केल्याचं समाधान तुम्हाला मिळेल, पण त्याची किंमत त्या ओढ्यातले सगळे बेडूक मोजतील.